शेजारच्या दाढेचे हाड

(मंडळीच्या आदिवासी सेवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सातपुड्यातल्या दंतसेवेबद्दल बोला, असे मला सांगण्यात आले आहे. दरवर्षी या वेळी मी शिबिरांचा अहवाल देते. किती पाडे झाले, किती रुग्ण पाहिले, किती दात काढले, किती टूथब्रश वाटले. आपण टाळ्या वाजवता, दानार्पण होते, प्रार्थना होते, आणि मी पुन्हा कामाला लागते. यंदा मी आकडे सांगणार नाही. त्या आकड्यांवरचा माझा स्वतःचाच भरवसा थोडा कमी झाला आहे. तो का झाला, तेवढे सांगते. विषय एका दाढेचा आहे. अक्कलदाढेचा नव्हे, तिच्या शेजारणीचा.

सगळ्यांनी एक करा. हसू नका, करा. खालच्या जबड्यात जीभ अगदी मागपर्यंत न्या. समोरच्या मधल्या दातापासून मोजत गेलात तर सातवी जी येते ती दुसरी दाढ. ती साधारण बाराव्या वर्षी येते. तिच्या मागे काही लागत असेल तर ती आठवी, अक्कलदाढ. ती सतरा ते पंचवीसच्या दरम्यान येते, कुणाची येतच नाही. ती येते तोवर जबड्यात पुष्कळांकडे जागा उरलेली नसते. मग ती आडवी होते, पुढे झुकते आणि सातवीच्या पाठीला डोके टेकवून तशीच राहते. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली. त्या दोघींच्या मधल्या सांदीत भाकरीचा कण अडकतो, मांसाचा धागा अडकतो, आणि तिथे ना जीभ पोहोचते ना दातवण. हिरडी सुजते, तोंड उघडत नाही, गाल फुगतो. माणूस शिबिरात येतो आणि म्हणतो, काढून टाक.

आपण काढतो. रुग्ण हात जोडतो, आणि अहवालात एक आकडा वाढतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर शिबिर होते. तिशीच्या आसपासची एक पावरा बाई आली. उजवीकडची खालची अक्कलदाढ अशीच झुकलेली, दोन महिन्यांत तीनदा गाल सुजलेला. एक्स-रेची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. मी भूल दिली, दाढ तोडून दोन तुकड्यांत काढली, दोन टाके घातले. पंधरावीस मिनिटांचे काम. रांगेत अजून माणसे होती आणि बॅटरीवरचा दिवा मंद होत चालला होता. सात दिवसांनी टाके काढायला ये, असे आमच्या सेविकेने तिच्या भाषेत तिला सांगितले. तिने मान हलवली.

ती आली नाही. येणार कशी? त्याच आठवड्यात मुकादमाची गाडी आली आणि पाड्यावरची निम्मी घरे ऊसतोडीला गुजरातकडे, बारडोली-सुरतच्या बाजूला निघून गेली. उचल आधीच घेतलेली असते. टाके काढायला थांबते म्हणून कुणी मागे राहू शकत नाही. तोंडातले टाके तिने तिकडे कुणाकडून काढून घेतले, की ते आपोआप गळाले, हे मला आजही ठाऊक नाही.

होळीला ती माणसे परततात. सातपुड्यात होळीइतका मोठा सण दुसरा नाही, त्यासाठी कुठूनही माणूस घरी येतो. पुढच्या शिबिरात ती पुन्हा समोर बसली आणि म्हणाली, "डॉक्टरबाई, तू काढली ती दाढ गेली. आता ही तिच्या मागे चालली."

मी बोट लावले तर सातवी दाढ हलत होती. तिला कीड नव्हती, ती कुठे फुटलेली नव्हती, वरून पाहिले तर पांढरी स्वच्छ. आमच्याकडे एक बोथट सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत ती अलगद सोडून खोली मोजायची. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर जाते. त्या दाढेच्या मागच्या बाजूने सळई खाली गेली, अजून खाली गेली, आणि नऊच्या खुणेवर थांबली. बाहेर काढली तर टोकाला पू. तालुक्याच्या गावी पाठवून एक्स-रे काढला. दाढेच्या मागच्या मुळाभोवती जिथे हाडाची पांढरी सावली हवी, तिथे काळा खड्डा होता, मुळाच्या जवळजवळ टोकापर्यंत.

ती दाढही मला काढावी लागली. ती रागावली नाही. चूळ भरून झाल्यावर तिने एकच विचारले, "आता तिसरीबी जाईल का?"

हाड का गेले, ते नीट सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांना वाटते की दात काढताना डॉक्टरने जोर लावला म्हणून शेजारचा दात हलला. तसे कधीकधी होते, पण इथले कारण दुसरे आहे, आणि ते बहुतेक वेळा दाढ काढण्याच्या आधीच सुरू झालेले असते.

आमच्या सेविकेने हे पाड्यावरच्या लोकांना माझ्यापेक्षा चांगले समजावले. ती म्हणाली, डोंगर-उतारावर दोन शेते असतात, मध्ये एकच दगडी बांध. खालच्याने बांधाला खेटून खड्डा केला, त्यात पाणी साचत राहिले, तर बांध आतून पोकळ होतो. पुढे खालचे शेत सोडून दिले तरी बांध आपोआप भरत नाही, आणि पहिल्या मोठ्या पावसात वरच्या शेताची माती वाहून जाते. अक्कलदाढ आणि सातवी यांच्या मधले हाड हा असाच सामाईक बांध आहे. दाढ झुकून टेकलेली असली की तो बांध मुळातच पातळ असतो. वर्षानुवर्षे सांदीत अन्न कुजते, जंतूंचा थर सातवीच्या मुळावर चिकटून कडक होतो, हिरडीची सूज आत उतरते आणि हाड मागे सरकत जाते. हे सगळे बिनबोभाट चालते. दुखते ती अक्कलदाढ, म्हणून आपण तिच्याकडे पाहतो.

मग ती काढली की तिथे मोठी पोकळी होते. त्या पोकळीत रक्ताची गाठ बसते. ती गाठ म्हणजे जखमेचे बियाणे. थुंकून, चूळ खळखळवून, तंबाखू लावून ती निघाली तर दोनतीन दिवसांनी असह्य ठणका लागतो. ती टिकली तर तीनचार आठवड्यांत वरून हिरडी जुळते आणि आत हळूहळू हाड भरू लागते. त्याला चार-सहा महिने लागतात. पण सातवीच्या मुळाला लागून हाड पुन्हा उभे राहायचे असेल तर ते मूळ स्वच्छ असावे लागते. मळलेल्या मुळाला हाड चिकटत नाही. शिवाय हिरडीची कातडी हाडापेक्षा फार वेगाने वाढते. मुळावर मळ असला की ती कातडी मुळाच्या बाजूने खाली उतरते आणि हाडाची जागा अडवून बसते. तिथे कायमची खोल खाच तयार होते. खाचेत पुन्हा अन्न, पुन्हा जंतू, आणि उरलेले हाडही जाऊ लागते.

प्रत्येकाचे असे होते का? नाही. बहुतेकांची जखम चांगली भरते, आणि पुष्कळांच्या बाबतीत सांदीतला कचरा गेल्यामुळे शेजारच्या दाढेची तब्येत सुधारते. विशी-बाविशीच्या मुलामुलींचे हाड उत्तम भरून येते. पंचविशी उलटली, दाढ पुढे झुकून टेकलेली असली, आधीच तिथे खाच आणि मळ असला, आणि वर तंबाखू असली, की धोका वाढतो. त्या बाईच्या बाबतीत यातले सगळेच होते. मिसरी ती दिवसातून तीनदा लावायची.

आणि मी काय केले नाही, तेही सांगते. टाके घालण्यापूर्वी सातवीच्या पाठीचे मूळ उघडे पडलेले असते. डोळ्यांना दिसते, हत्यार सहज पोहोचते. त्या वेळी दोनतीन मिनिटे ते खरवडून, सलाईनने धुऊन स्वच्छ करायचे असते. ती संधी एकदाच मिळते, हिरडी शिवली की ती जागा पुन्हा झाकली जाते. हे मला शिकवले होते, मला माहीत होते. रांग मोठी होती आणि मी ते केले नाही. रुग्ण परत येईलच, तेव्हा पाहू, असे मी धरून चालले. ती परत येणार नाही हे पाड्यावरच्या पोराला ठाऊक होते. मी विचारले नव्हते, एवढेच.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपण सगळ्यांनी रविवारच्या शाळेत ऐकला आहे. शेजारी कोण, हा प्रश्न तिथेच आहे. आपल्याला त्यातले तेल आणि द्राक्षारस आठवतो, जखम बांधणे आठवते. शिबिर म्हणजे तेवढेच असते, तेल आणि द्राक्षारस. पण त्या माणसाने आणखी दोन गोष्टी केल्या होत्या. उतारशाळेच्या रखवालदाराकडे पैसे ठेवले, आणि मी परत येईन तेव्हा वरचा खर्च देईन असे सांगितले. म्हणजे तिथे रोज बघणारे कुणीतरी ठेवले, आणि स्वतः परत यायचे कबूल केले. इतकी वर्षे मी हा उतारा वाचत होते, पण त्या दोन दिनारांकडे माझे लक्ष त्या उन्हाळ्यात गेले.

तेव्हापासून आम्ही काय बदलले, ते आता सांगते. यातले काही पैशाचे आहे, काही नुसते कॅलेंडरचे.

पहिली गोष्ट वेळेची. आमची शिबिरे दसरा-दिवाळीला असत, कारण शहरातल्या डॉक्टरांना तेव्हा सुट्टी मिळते. म्हणजे आमच्या सोयीची वेळ. नेमके त्याच वेळी लोक ऊसतोडीला जायच्या तयारीत असतात. आता दाढा काढण्याचे शिबिर होळी झाल्यावर, मार्चअखेरीस घेतो. जूनमध्ये, पाऊस लागून वरचे रस्ते बंद होण्याच्या आत, तीन महिने पुरे होतात. तेव्हा एक फेरी करून जखम पाहायची आणि स्वच्छता करायची. सप्टेंबरच्या शेवटी सहा महिने होतात आणि गाड्या अजून आलेल्या नसतात. तेव्हा सळईने खोली मोजायची. हाड भरायला लागणारा काळ आणि ती माणसे घरी असण्याचा काळ तंतोतंत जुळतो. हे आधी का सुचले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट रजिस्टरची. पूर्वी त्यात "काढलेला दात" असा एकच रकाना होता. आता शेजारी दुसरा आहे: सातवीची खोली, काढण्यापूर्वी आणि सहा महिन्यांनी. दुसऱ्या रकान्यातला आकडा भरला गेला तरच ते काम आम्ही पुरे झाले असे धरतो. कबूल करते, पुष्कळ ओळींत तो रकाना अजून रिकामा आहे. माणसे सापडत नाहीत, कुणी दुसऱ्या पाड्यावर नांदायला गेलेली असते, कुणी म्हणते, दुखत नाही तर कशाला येऊ.

तिसरी गोष्ट सेविकेची, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. टाके सातव्या दिवशी काढायचे असतात आणि मी सातव्या दिवशी तिथे नसते. ती असते. टाके कसे काढायचे, क्लोरहेक्सिडिनचे औषध कसे वापरायला सांगायचे, पू किंवा वास आला तर कुठे पाठवायचे, हे ती शिकली. शेवटच्या दाढेच्या मागची बाजू कशी घासायची, हे ती आरसा धरून दाखवते. आपण वाटलेले मोठ्या डोक्याचे टूथब्रश तिथे पोहोचतच नाहीत, हेही तिनेच मला सांगितले. लहान मुलांचा ब्रश पोहोचतो. त्यामुळे आपण पेट्याच्या पेट्या भरून पाठवता ना, त्यात लहान डोक्याचे, मऊ केसांचे ब्रश घाला. महागाचे नकोत.

तंबाखूबद्दल मी जास्त बोलणार नाही. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळत नाही असे ठिकाण मला अजून सापडलेले नाही. मिसरी तर घरातच भाजतात. "सोड" म्हटल्याने कुणी सोडत नाही. आम्ही एवढेच मागतो की जखम आहे तोवर, निदान पंधरा दिवस, तोंडात घालू नकोस. काही बाया त्या पंधरा दिवसांनंतर पुन्हा सुरू करत नाहीत. काही करतात.

आणखी एक सावधगिरी. या भागात सिकलसेल पुष्कळ आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तेव्हापासून तपासणीची कार्डे लोकांच्या हाती येऊ लागली. ज्याला हा आजार आहे त्याच्या हाडाचा रक्तपुरवठा मधूनच तुटू शकतो आणि जबड्यात जंतुसंसर्ग पसरू शकतो. अशा माणसाची दाढ झाडाखालच्या खुर्चीवर काढायची नसते, त्याला रुग्णालयातच न्यावे लागते. म्हणून भूल देण्याआधी आता कार्ड विचारतो. यामुळे काही जणांना परत पाठवावे लागते, आणि ते रागावतात.

आणि काही जणांची दाढ काढायचीच नसते. ब्रिटनमध्ये तिथल्या आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००० साली सांगितले की अडकलेली पण कसलाही आजार नसलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. मला हे पटते, मात्र एका अटीवर. ती दाढ अधूनमधून कुणीतरी पाहत असले पाहिजे. शहरात दर वर्षाला तपासणी होऊ शकते. पाड्यावर वीस वर्षांच्या मुलीची झुकलेली, सातवीला टेकलेली दाढ दिसली, मागे चार मिलिमीटरची खाच सापडली, तर मी काय करू? आत्ता काढली तर हाड छान भरेल. सोडली तर तिशीत ती गाल धरून येईल, तोवर हाड गेलेले असेल. अशा वेळी मी काढण्याकडे झुकते. माझे काही सहकारी झुकत नाहीत. आमचे यावर जेवताना वाद होतात, आणि ते चालू राहावेत असे मला वाटते.

कुणी विचारेल, गेलेले हाड पुन्हा घालता येत नाही का? येते. हाडाची भुकटी भरतात, त्यावर पातळ पडदा ठेवतात, म्हणजे हिरडीची कातडी आत उतरत नाही. निवडक रुग्णांत त्याचा उपयोग होतो. पण ते साहित्य महाग असते, आणि मूळ स्वच्छ ठेवले नाही तर तेही वाया जाते. आपल्या पैशातून मी ते मागणार नाही. मागायचे तर हातात धरता येईल असे एक एक्स-रे यंत्र मागेन, आणि सेविकेचा वर्षभराचा प्रवासखर्च. जीपचे भाडे, कुठे कुठे नुसती चप्पल. जूनची आणि सप्टेंबरची फेरी अहवालात फार लहान दिसेल. त्या फेऱ्यांत आम्ही एकही दात काढत नाही.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. तिसरी, म्हणजे सहावी दाढ, जाईल का? मी तिला म्हटले, मागून घासलीस आणि दर होळीला मला दाखवलीस तर नाही जाणार. ती दोन होळ्यांना आली. सळई तीनवर थांबली. मधल्या एका वर्षी आली नाही, तेव्हा सेविका तिच्या घरी जाऊन आली. ती उसावरून उशिरा परतली होती. गेल्या वेळी आली तेव्हा सोबत तिची थोरली मुलगी होती, एकोणीस वर्षांची, गाल सुजलेली. मुलीची दाढ मी काढली. या वेळी घाई केली नाही. आई शेजारी उभी राहून पाहत होती, आणि टाके घालायच्या आधी तिनेच विचारले, "शेजारचीला धुतलंस का?"

आपल्यापैकी ज्यांची अक्कलदाढ काढून सहा महिने झाले आहेत आणि अजूनही शेवटच्या दाढेमागे अन्न अडकते, वास येतो किंवा घासताना रक्त येते, त्यांनी ते अंगावर काढू नये. आपल्या दंतवैद्याला सातवीच्या मागची खोली मोजायला सांगा, अशाच शब्दांत सांगा. नव्या रजिस्टरची प्रत मी आणली आहे. नावे झाकून, रकाने तेवढे उघडे ठेवले आहेत. चहाच्या वेळी मागच्या टेबलावर ठेवते, रिकाम्या ओळींसकट पाहा.